एक नग: कोल्हापुरात स्पिटफायरचं आतलं हँडल शोधताना

पावसाळ्यात डॉक्टरांच्या गाडीतून उतरायचं म्हणजे भिजायचंच. चालकाच्या बाजूच्या दाराला आतून हँडल नव्हतं. वर कापडी टप चढवलेला, बाहेर जुलैची झड, आणि डॉक्टर आधी काच खाली करणार, कोपरापर्यंत हात बाहेर घालणार, चाचपडत बाहेरचं हँडल शोधणार, मग दार उघडणार. असे दोन पावसाळे त्यांनी काढले. तिसऱ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, गाडी माझ्या शेडमध्ये आली.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, इंग्लंडातली दोन आसनांची छोटी उघडी गाडी, मार्क थ्री, १९६८ सालची. डॉक्टरांचे सासरे शिक्षण संपवून इंग्लंडहून परतले तेव्हा बोटीने आणलेली. माझा धंदा जुन्या गाड्यांचा नाही. उद्यमनगरात दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन आहे, पंपांचे शाफ्ट आणि बुश करतो, त्यावर घर चालतं. जुन्या गाड्या रविवारच्या. डॉक्टर म्हणाले, "फार काही नाही हो, एक हँडल तर बसवायचंय." त्या एका हँडलला पाच महिने लागले. ते का लागले ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण त्यातले निदान तीन महिने मी चुकीच्या दिशेने शोधत होतो.

आधी वस्तू नीट समजून घेऊ. स्पिटफायर १९६२ साली बाजारात आली ती ट्रायम्फच्याच हेरॉल्ड गाडीची चासी आखूड करून. दोन्हींचं रेखाटन जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. दाराच्या आतल्या बाजूला दोन चकचकीत वस्तू असतात: काच वर-खाली करायची कडी आणि दार उघडायची दांडी. दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या, वरून क्रोम. या मिश्रधातूला इंग्लंडात माझॅक म्हणतात. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. ३८० अंशांच्या आसपास वितळतो, पोलादी डायमध्ये दाबाने भरता येतो, बारीक नक्षीही स्वच्छ उठते, म्हणून त्या काळातल्या गाड्यांची हँडलं, चिन्हं, दिव्यांच्या कडा सगळं त्यातच. पण क्रोमला बारीकसं छिद्र पडून दमट हवा आत गेली की जस्त आतून खाल्लं जायला लागतं आणि वर फोड येतात. वेल्डिंग करायला गेलात तर ज्योत लावताक्षणी वस्तू हातातून वितळून खाली.

स्क्रू शोधू नका

हे हँडल काढायलाच बहुतेक लोक चुकतात. समोरून बघितलं तर कुठेच स्क्रू दिसत नाही. आमच्या आधी ज्या गॅरेजमध्ये गाडी गेली होती तिथल्या पोराने पेचकस घालून उचकटलं होतं, त्याच्या खुणा दाराच्या रेक्झिनवर आजही आहेत. खरी पद्धत अशी: हँडलच्या मागे एक गोल चकती असते, तिच्यामागे स्प्रिंग. ती चकती दाराच्या अंगाला आत दाबून धरायची. मग हँडलच्या मानेत आरपार गेलेली एक छोटी पिन दिसते. बारीक पोगर (पिन ठोकून काढायची सळई) घेऊन ती दुसऱ्या बाजूने ढकलायची. पिन निघाली की हँडल दारातून बाहेर आलेल्या चौकोनी दांड्यावरून सरळ हातात येतं. दोन माणसं असली तर बरं, एक चकती दाबायला, एक पोगर धरायला. आणि खाली सतरंजी पसरा. ती पिन सिमेंटच्या जमिनीवर पडली की गेलीच म्हणून समजा.

चालकाच्या, म्हणजे उजव्या, दाराच्या हँडलची मान पिनेच्या भोकापाशीच फुटली होती. तिथे भिंत मुळात पातळ, त्यात आडवं भोक. तुटलेला तुकडा डॉक्टरांनी औषधाच्या डबीत जपून ठेवलेला. मधल्या काळात त्याच गॅरेजने कुठलंसं बाजारी हँडल बिनटोपीच्या ग्रब स्क्रूने आवळून बसवलं होतं. स्क्रूने चौकोनी दांड्याच्या कडा चावून ठेवल्या आणि ते हँडल महिन्याभरात गोल फिरायला लागलं.

मी डाव्या दाराचं हँडल काढून उजवीकडे लावून बघितलं. बसलं. म्हणजे दोन्ही बाजूंना एकच नग चालतो. हे पाच मिनिटांचं काम, पण त्याने शोध निम्म्यावर आला.

शोधाचे दिवस

कोल्हापुरातली सुट्ट्या भागांची दुकानं एका दुपारीत संपली. ॲम्बेसेडरचं आहे, फियाटचं आहे, "घासून बसवा की, काय हुतंय?" पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी जाऊन आलो. तिथून एक सुंदर पितळी कुलूप घेऊन आलो, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

मग डोक्यात हेरॉल्ड आली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून आपल्याकडे स्टँडर्ड हेरॉल्ड बनवली, पुढे तिला चार दारंही दिली. आपल्या वडिलांच्या पिढीने ही गाडी रस्त्यावर भरपूर बघितलीय. स्पिटफायरचं काही मिळत नसेल तर तिच्या थोरल्या बहिणीचं बघावं, आणि ती बहीण मद्रासला वाढलेली. चेन्नईचं पुदुपेट म्हणजे जुन्या गाड्यांच्या भागांची मोठी पेठ. ओळखीचा एक ट्रकवाला चेन्नईची फेरी करतो. त्याच्याकडे डाव्या हँडलचे चार बाजूंनी काढलेले फोटो दिले, शेजारी पट्टी ठेवून. बारा दिवसांनी त्याने पुडकं आणलं. आत पाच नग. दोन फियाटचे, एक कशाचा ते अजून कळलेलं नाही, आणि दोन अगदी आमच्या जातीचे. मला इतका आनंद झाला की डॉक्टरांना लगेच फोन केला. फोन ठेवला आणि भिंग घेतलं. दोन्हींच्या मानेला, पिनेच्या भोकापाशी, केसाएवढी चीर. आमचं जिथे तुटलं होतं तिथेच.

तेव्हाच मला थांबून विचार करायला हवा होता. चेन्नईच्या दोन आणि कोल्हापूरच्या एका हँडलला एकाच जागी चीर पडते, तर दोष नुसता म्हातारपणाचा नसणार. पण मी "नशीब" म्हणालो आणि पुढचा रस्ता धरला.

पुढचा रस्ता इंग्लंडचा. तिथे या गाड्यांचे नवे-जुने भाग विकणारी बरीच दुकानं आहेत. डॉक्टरांचा पुतण्या लेस्टरला असतो आणि गणपतीला येणार होता. त्याला निरोप गेला: स्पिटफायरचं आतलं हँडल आण. त्याने आणलं. नवं कोरं, झकास, आणि १९७० नंतरच्या गाडीचं. बसवायची तऱ्हाच वेगळी. चूक पुतण्याची नाही, निरोप देणाऱ्याची. स्पिटफायर १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली, पाच रूपांत. मार्क वन आणि टूचा कमिशन नंबर, म्हणजे कारखान्यात गाडीला दिलेला क्रमांक, एफसीने सुरू होतो, मार्क थ्रीचा एफडीने, मार्क फोर आणि पुढच्या पंधराशेचा एफएचने. आमच्या गाडीच्या पट्टीवर स्वच्छ एफडी लिहिलंय. तो नंबर निरोपात घातला असता तर काम तिथेच संपलं असतं. परत पाठवायचं तर टपालखर्च, पुन्हा मागवायचं तर टपाल आणि जकात, आणि डॉक्टरांना दसऱ्याला गाडी बाहेर काढायची होती. आमच्याकडे दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते. ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याला त्या दिवशी आपली गाडी शेडमध्ये ठेवणं जड जातं.

टनात मोजणारं गाव

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात राहून ओतकाम बाहेर शोधता? मलाही तेच वाटलं. इथल्या यंत्रधंद्याचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदराने घेणारं हे उद्यमनगर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडे जाल तिकडे फाउंड्री. देशातल्या किती ट्रॅक्टरांची आणि ट्रकांची ओतीव पोटं इथून जातात! तुटक्या हँडलची डबी खिशात घालून मी तीन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी मालक माझ्या ओळखीचे. चहा पाजला, हँडल हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "भावा, आमची एक हीट अर्ध्या टनाची. ह्ये तर आमच्या वाळूतच हरवंल." (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू.) दुसऱ्या ठिकाणी पितळ ओततात, पण वाळूच्या साच्यात इतकी पातळ दांडी सरळ उठेल याची खात्री देईनात. तिसऱ्याने दर विचारल्यावर हजार नगांचा सांगितला.

राग कुणाचाच आला नाही. माझ्याकडे कुणी एक बुश करायला आला तर मीही तोंड वाकडं करतो.

उपाय सांगितला आमच्या सौभाग्यवतींनी. त्यांच्या कोल्हापुरी साजातलं एक पान निखळलं होतं. गुजरीतून, म्हणजे आमच्या सराफ पेठेतून, ते करून आणल्यावर मला दाखवत म्हणाल्या, "हे बघा, एकच पान. त्याने विचारलंसुद्धा नाही किती करायची म्हणून."

महाद्वार रोडच्या अलीकडे गुजरीत एका जिन्याखाली एक बंगाली कारागीर बसतो. वीस वर्षं झाली त्याला कोल्हापुरात, मराठी आमच्यापेक्षा रांगडी. हँडल तराजूत टाकलं. बासष्ट ग्रॅम. "अंगठीपेक्षा मोठं हाय, पर कडं बी असंच असतंय. कशात पायजे, चांदीत?" डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणालो नाही, पण मोह झाला हे कबूल करतो. पितळ ठरलं. पितळ वितळताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, म्हणून त्याला कटकट होती. चांदीची मूस (धातू वितळवायचं भांडं) वापरणार नाही, वेगळी आणून द्या, आणि काम संध्याकाळी शेजारचे गेल्यावर करणार, या दोन अटींवर तो तयार झाला.

नमुना म्हणून डावं हँडल. त्यावरचे क्रोमचे फोड मी कानशीने काढले, खड्डे लांबीने (पुट्टीने) भरले, पॉलिश पेपरने गुळगुळीत केलं. दागिन्यांचा नेहमीचा रबरी साचा उष्णतेवर दाबून पिकवतात. त्यात लांबी टिकली नसती, म्हणून थंडच घट्ट होणारं सिलिकॉन वापरलं. साचा ब्लेडने दोन फाकांत कापला, आत मेण भरलं, मेणाची तीन हँडलं निघाली. ती एका देठावर चिकटवून झाड केलं, झाडाभोवती नळकांडं ठेवून प्लास्टर ओतलं, भट्टीत रात्रभर तापवून मेण उडवलं आणि रिकाम्या जागेत पितळ. दुसऱ्या दिवशी तापलेलं नळकांडं पाण्यात बुडवल्यावर प्लास्टर फसफसून सुटलं आणि आत तीन हँडलं, देठाला लटकलेली, काळपट. मी आयुष्यभर ओतकामाच्या गावात राहिलोय, पण ओतीव वस्तू तळहातावर घेऊन "अरे वा" म्हणायची वेळ पहिल्यांदा आली.

चौकोन

इथे मी दुसरी चूक केली. नमुन्यातलं चौकोनी भोक तसंच ठेवून साचा काढायला सांगितला होता. मेण आणि पितळ दोन्ही थंड होताना आकसतात. टोकापासून टोकापर्यंत नवं हँडल दोन मिलिमीटर आखूड भरलं. डोळ्याला ते कळतही नाही, आणि दोन्ही दारांना नवीच बसवायची असल्याने जोडीही सारखी. पण भोकही त्याच प्रमाणात आकसलं, शिवाय आतून खडबडीत आलं. चौकोनी दांडा आत जाईना. मी बारीक कानस घेतली. एक बाजू जरा जास्त खाल्ली गेली, मग समोरची, मग तिसरी. अर्ध्या तासाने हँडल बसलं आणि लडखडायला लागलं. हिशेब सोपा आहे: त्या मापाच्या चौकोनात दोन दशांश मिलिमीटरची ढिलाई राहिली तर दांडीच्या टोकाला ती चार-पाच मिलिमीटरची होते. हाताला लगेच जाणवतं, आणि चालत्या गाडीत वाजतं ते वेगळंच.

दुसऱ्या फेरीत नमुन्याचं भोक मेणाने बुजवून टाकलं. मान भरीव ओतून घेतली आणि चौकोन नंतर करायचं ठरवलं. आता अडचण अशी की हे भोक आरपार नाही, समोरून बंद आहे. आरपार असतं तर ब्रोच, म्हणजे चौकोनी दातेरी हत्यार, ढकलून पाच मिनिटांत झालं असतं. बंद भोकात चौकोन करायचा तर ठिणग्यांनी धातू कोरणारं स्पार्क मशीन. उद्यमनगरात डाय बनवणाऱ्यांकडे ती असतात. तांब्याचा चौकोनी इलेक्ट्रोड मी मिलिंगवर केला, ठिणगीची फट धरून मापापेक्षा किंचित लहान. माप इंचातलं होतं, व्हर्निअर मिलिमीटरचा, म्हणून दांडा सहा जागी मोजला आणि चावलेल्या कडा सोडून दिल्या.

पण मापाइतकाच महत्त्वाचा कोन. चौकोनी दांड्यावर हँडल नव्वद अंशांनी फिरवून बसवता येतं, मधलं काही नाही. भोकातला चौकोन पाच अंश तिरका पडला तर दांडी कायमची पाच अंश वाकडी उभी राहणार, दाराच्या रेक्झिनला घासणार किंवा गुडघ्याला लागणार. म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात जुन्या हँडलचा घाट कोरून घेतला. आधी जुनं त्यात बसवून त्याचा चौकोन मशीनच्या अक्षाला जुळवला, मग ठोकळा न हलवता नवं ठेवलं. पिनेचं भोक मात्र शेवटी, हँडल दांड्यावर चढवून, दांड्यातल्याच भोकाच्या वाटेने पाडलं. ही दोन भोकं वेगवेगळी पाडून जुळवायला जाऊ नका.

क्रोमवाल्याने दोन नगांसाठी टाकी लावायला नकार दिला. "सायलेन्सरचा लॉट गुरवारी हाय, त्यात टाकतो." पितळेवर थेट निकेल चढतं, त्यावर क्रोम. जस्तावर असं जमत नाही, आधी तांब्याचा थर द्यावा लागतो, म्हणून पितळ घेतल्याचा हा एक फायदा. चौकोनी भोकं रबराच्या बुचांनी बंद करून दिली, नाहीतर आत थर चढून पुन्हा घट्ट.

काटा

हँडलं क्रोमला गेली त्या बुधवारी दुपारी हाताला काम नव्हतं म्हणून मी दाराचं पॅनेल उघडलं. खरं तर मे महिन्यात पहिल्या दिवशी हेच करायला हवं होतं. चौकोनी दांड्यापासून कुलपापर्यंत एक पट्टी जाते. हँडल फिरलं की ती पट्टी लॅच, म्हणजे दार अडकवून ठेवणारी खिटी, ओढते. आतलं ग्रीस पन्नास वर्षांत मेणासारखं झालं होतं, वर लाल धूळ. जुनं हँडल क्षणभर डाव्या दारातून घेऊन चढवलं असतं तर बरं, पण ते आता लांबी भरलेलं, नमुना झालेलं. म्हणून चौकोनी दांड्यावर तेवढ्याच लांबीचा एक पाना करून बसवला आणि त्याच्या टोकाला बॅगा मोजायचा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढला. लॅच सुटायला साडेसहा किलो लागले. डाव्या दाराला अडीच.

म्हणजे डॉक्टर इतकी वर्षं उतरताना दर वेळी त्या पातळ जस्ताच्या मानेवर साडेसहा किलोचा झटका देत होते. तीही कधीतरी थकणारच. चेन्नईच्या चिरा आठवल्या आणि स्वतःवरच चरफडलो. हँडल तुटलं नव्हतं, तोडलं गेलं होतं, आणि मी इतके महिने त्याच दारासाठी नवा बळी शोधत होतो.

रॉकेलने सगळं धुतलं. पट्टीची एक खाच झिजून धारदार झाली होती, ती भरून घासली. दाराच्या चौकटीवरची लॅचची खुंटी दीड मिलिमीटर खाली सरकवली, कारण बिजागऱ्या झिजून दार खाली बसलं होतं आणि लॅच खुंटीवर चढून घट्ट होत होतं. नवं ग्रीस. काटा लावला: अडीचच्या जरा खाली.

हँडलं शुक्रवारी आली. खंडेनवमीला लेथ, मिलिंग, व्हर्निअर यांच्या ओळीत ती दोन हँडलं आणि इलेक्ट्रोडही पूजेला ठेवले. गुजरीतला कारागीर प्रसादाला आला होता. तो दारात बसून तीन वेळा दार उघडून मिटून बघून म्हणाला, "जड लागतंय." बरोबर आहे, पितळ जस्तापेक्षा जड. नवं हँडल चौऱ्याहत्तर ग्रॅम भरलं. डॉक्टरांना मात्र ते वजन आवडलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी काच वर-खाली करायच्या कड्यांकडे बोट दाखवलं. नव्या हँडलांशेजारी त्या फारच म्हाताऱ्या दिसायला लागल्यात, आणि तो माझा पुढचा रविवार.

खर्चाचं विचारणारे असतात म्हणून: साचा, दोन फेऱ्यांचं ओतकाम, स्पार्क आणि क्रोम धरून सहा हजार चारशे. पुणे, चेन्नई आणि लेस्टरच्या धावपळीचा यात धरलेला नाही, तो डॉक्टरांनी विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

सिलिकॉनचा साचा अजून गुजरीत त्या कारागिराच्या खणात आहे, वर खडूने "गाडी" लिहिलेलं. परवा सांगलीहून एकांचा फोन आला, त्यांच्याकडे चार दारांची हेरॉल्ड आहे, चार हँडलं करून द्याल का म्हणून. कारागीर खूश, चार नगांना झाड छान भरतं म्हणाला. मी त्यांना सांगितलंय, नमुन्याचं एक हँडल पाठवा, आणि त्याआधी चारही दारांना बॅगेचा काटा लावून किती किलो भरतात ते कळवा. अजून फोन आलेला नाही.